आकड्यात न मावलेली बहीण

लोसालीने नावाची बाई कापड कुटायला बसली की पहिली काही मिनिटं समोरच्या बायका नुसतं बघत बसायच्या. आडवा ओंडका, त्यावर भिजवलेली झाडाची साल आणि तिच्या उजव्या हातात चौकोनी लाकडी मोगरी. साल कुटून पातळ केली की तिचंच कापड व्हायचं. बाकीच्यांची एक पट्टी रुंद होईस्तोवर हिच्या दोन व्हायच्या, आणि शोधून भोक सापडायचं नाही. दहा वर्षांची असल्यापासून ती हे करत होती. आता पंचावन्नची झाली होती. पंचेचाळीस वर्षं मोगरी आपटून तिचे दंड असे झाले होते की तयार ब्लाउज तिला कधी मिळालाच नाही. दुकानातली बाई मापाची टेप तिच्या दंडाभोवती गुंडाळायची आणि हसत हसत म्हणायची, "बाई गं, हे मांडीचं माप झालं."

टोंगाटापू बेटावरच्या त्या गावात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. लोसालीने उंच, रुंद हाडाची, खांद्यात दाराएवढी. चर्चमध्ये ती बाकावर बसली की बाकाचं दुसरं टोक किंचित वर उठायचं आणि तिथल्या म्हाताऱ्या खूष व्हायच्या. नारळांची भरलेली टोपली ती एका हाताने उचलायची. वादळात शाळेचं छप्पर उडालं तेव्हा ओल्या फळ्या ओढायला पुरुषांनी तिला घरून बोलावून नेलं होतं. अंगाने भरलेली बाई म्हणजे घराची अब्रू, असाच तिथला हिशोब. लोसालीनेला आपल्या देहाची कधी लाज वाटली नाही. लाज वाटायला लागली ती नंतर, आणि ती एका कागदाने लावली.

तिला मूल नव्हतं. नवरा मासेमारीला जायचा, तो तापाने गेला त्याला पंधरा वर्षं झाली होती. तिचं म्हणून जे होतं ते म्हणजे धाकटा भाऊ फेलेती. तो तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याच्या जन्मानंतर वर्षभरात आई गेली, आणि फेलेतीला लोसालीनेनेच वाढवलं. नारळाच्या दुधात रताळं कुस्करून भरवलं, कडेवर घेऊन सालं कुटली, नाक पुसलं. तो बारा वर्षांचा झाल्यावर मात्र रीतीप्रमाणे तो मुलांच्या झोपडीत झोपायला गेला, आणि त्या दिवसापासून बहीण-भावात ते अंतर आलं जे त्या बेटांवर मरेपर्यंत राहतं. एका खोलीत बसून गप्पा नाहीत, थट्टा नाही. भावासमोर बहिणीच्या अंगाबद्दल, दुखण्याबद्दल, कपड्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, काढलंच तर भावाने उठून बाहेर जायचं. बहिणीचा मान भावापेक्षा मोठा, आणि तो मान असाच लांबून करायचा. ज्याला आपण न्हाऊ घातलं त्याच्याशी पुढे हवापाण्याचं तेवढं बोलायचं. लोसालीनेला यात काही जाच वाटत नव्हता. मायेला एवढ्या बोलण्याची गरज असते असं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

फेलेती बावीसचा असताना ऑकलंडला गेला, तिथे घरं बांधायच्या कामाला लागला, सेइनीशी लग्न केलं, त्यांना ओफा नावाची मुलगी झाली. दर नाताळला त्याचं प्लास्टिकचं मोठं पिंप जहाजाने यायचं. त्यात खारवलेल्या मांसाचे डबे, चादरी, साबण, आणि सगळ्यात वर बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. त्या डब्यावर कधी नाव नसायचं. लहानपणी एकदा त्याच बिस्किटांसाठी फेलेती दुकानापुढे लोळून रडला होता, आणि लोसालीनेने आपली एक चटई देऊन डबा आणला होता. ती गोष्ट दोघांनी पुन्हा कधी काढली नाही. पण चोवीस वर्षांत एकदाही पिंपातला निळा डबा चुकला नव्हता.

मग फेलेतीच्या किडन्या गेल्या.

फोन सेइनीचा आला. असल्या गोष्टी भावजयीनेच सांगायच्या. आठवड्यातून तीनदा यंत्राला बांधून घ्यावं लागतं, हातावर नळ्यांच्या गाठी आल्यात, कुणा रक्ताच्या माणसाने एक किडनी दिली तर माणूस वाचेल, असं ती रडत रडत म्हणाली.

"मग रडतेस कशाला?" लोसालीने म्हणाली. "माझ्या दोन आहेत ना? घेऊन जा म्हणावं हवी ती."

"ताई, तुमचं कापणार ते."

"कापू दे. माझ्यात कापायला पुष्कळ आहे. त्याला सांग, बहीण येतेय."

सेइनीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी यंत्रावर जाताना फेलेतीने चर्चचा कोट घातला होता, असं तिने कळवलं. ते ऐकून लोसालीने घराच्या पायरीवर बसली आणि पदरासारखं कमरेचं कापड तोंडाला लावून खूप रडली. बायकांनी विचारलं तर म्हणाली, धूर गेला डोळ्यात.

द्यायला आणखी एक जण तयार झाला, चुलतभाऊ मोसेसे. काटकुळा, लांब मानेचा, दिवसभर कावा नावाचं मुळांचं गुंगवणारं पेय पीत बैठकीत मांडी घालून बसणारा. दोन माडांच्या मधून चालत गेला तरी धापा टाकायचा. तिथल्या रीतीची मानाची चटई कमरेभोवती बांधली तर ती घसरू नये म्हणून एका हाताने धरून ठेवायचा. बायका म्हणायच्या, "वारा सुटलाय, मोसेसेला कुणीतरी खुंटीला बांधा गं."

दवाखान्यात नर्स पेनिना होती. ती गावातलीच, लोसालीनेच्या मांडीवर खेळलेली. ऑकलंडच्या इस्पितळाने एक फॉर्म पाठवला होता, त्यातलं पहिलं पान तिने भरायचं. दोघांचा रक्तगट जुळला. मग उंची आणि वजन. लोसालीने एकशे सत्तर सेंटिमीटर, एकशे दहा किलो. पेनिनाने आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि पेन खाली ठेवलं.

"काय गं?"

"बीएमआय अडतीस येतोय, मावशी."

"म्हणजे पास ना? शाळेत मला कधी अडतीस पडले नव्हते."

बाहेर बाकावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. पेनिना हसली नाही. फॉर्मवर छापलेलं होतं, पस्तिसाच्या वर असेल तर पुढच्या तपासण्या करू नयेत. पण लोसालीने एवढी मोठी, म्हणजे साखर असणारच, दाब असणारच, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही गृहीत धरलं. म्हणून फॉर्म नको म्हणत असतानाही तिची साखर इथेच तपासली. उत्तम निघाली. त्यांना खरं वाटेना, म्हणून पुन्हा काढली, मग तिसऱ्यांदा. दाब शाळकरी पोरीसारखा. लघवी स्वच्छ. या तीन-तीन तपासण्यांत साखर मोजायच्या पट्ट्या संपल्या. मोसेसेच्या वेळी डबा रिकामा होता. पण त्याचं वजन सदुसष्ट, आकडा बावीस, तक्त्यावर हिरव्या रंगाच्या अगदी मधोमध. हिरव्यातल्या माणसासाठी पट्ट्यांची वाट कोण बघतं? डॉक्टरांनी सही केली आणि मोसेसेचं तिकीट आलं.

"मला नीट सांग," लोसालीने पेनिनाला म्हणाली. "हा आकडा काय बघतो?"

"उंचीचा वर्ग करायचा आणि वजनाला त्याने भागायचं. बस."

"हाड किती ते?"

"नाही बघत."

"हे?" तिने दंड पुढे केला.

"नाही गं मावशी. मांस किती, चरबी किती, कुठे साठलीय, काही विचारत नाही तो. मुळात गणित मांडलं ते दूरच्या गोऱ्या लोकांची मापं घेऊन. आपली हाडं जाड, मांस जास्त, तेवढ्याच आकड्याला आपल्या अंगात चरबी कमी असते, हेही मोजून झालंय. कॉलेजात शिकवलं आम्हाला."

"मग लिही की तसं."

"त्यासाठी फॉर्मवर जागा नाहीये."

तरीही पेनिनाने वेगळं पत्र लिहिलं. बाईंच्या कमरेचं माप, साखर तीनदा, दाब, एका हाताने किती उचलतात, सगळं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एक ओळ. पस्तिसाच्या आत आल्यावर पुन्हा अर्ज करावा.

ती ओळ लोसालीनेच्या जिव्हारी लागली. पंचावन्न वर्षं जो देह घर, गाव, चर्च सगळ्यांच्या कामी आला, तो नेमका ज्याच्यासाठी हवा होता त्याच्याच कामी येईना, आणि दोष काय, तर वजनाला भागलं की उत्तर जास्त येतं. ती पेनिनाला म्हणाली, "सेइनीला फोन कर. सगळं खरं खरं सांग. म्हणावं, वजन नडलंय, पण मी उतरवतेय. फेलेतीला सांग म्हणावं, थोडा थांब."

पेनिनाने सगळं सांगितलं. सेइनीने ऐकून घेतलं, बरं म्हणाली.

त्या सोमवारपासून लोसालीनेने कापडावर बसणं सोडलं. त्या वर्षी गावच्या चर्चला शंभर वर्षं पुरी व्हायची होती, आणि त्यासाठी बायका मोठं कापड करत होत्या, चर्चच्या दारापासून थेट रस्त्यापर्यंत पोचेल एवढं. लोसालीनेशिवाय असलं कापड आजवर झालं नव्हतं. बायकांनी तिला हातापाया पडून विनवलं. पण बसून काम केलं की वजन उतरत नाही, चाला, असं दवाखान्यातल्या पत्रकात लिहिलं होतं. ती चर्चमागच्या मैदानाला फेऱ्या मारायची, सकाळी आणि दुपार कलल्यावर. कुटण्याचा ठोका कानावर यायचा आणि तिची पावलं आपोआप त्या तालावर पडायची.

"लोसालीने, कुठे निघालीस?" मैदानाच्या कडेच्या घरातली बाई रोज विचारायची.

"ऑकलंडला. चालत."

नारळाच्या दुधातल्या अळूच्या पुरचुंड्या बंद. खारं मांस बंद. उकडलेली कच्ची केळी आणि मासा. रविवारी गावभर जमिनीतल्या भट्ट्यांचा वास सुटायचा तेव्हा ती दार लावून बसायची. पहिल्या दोन महिन्यांत चार किलो उतरले. मग दोन. मग एक. एकशे तीनवर काटा जो अडकला तो हलेना.

एके दिवशी ती कापडाच्या शेडमध्ये सहज डोकावली. बायकांनी आग्रह करून मोगरी हातात दिली. पन्नास-साठ घाव घातले आणि तिचा हात भरून आला. शेवटचा घाव तिरका पडला, पट्टी फाटली. मग कुणीतरी घाईघाईने म्हणालं, "सालच जून आहे गं ती."

लोसालीनेने मोगरी खाली ठेवली आणि तडक दवाखाना गाठला. ती पेनिनाला म्हणाली, "हे बघ." कमरेची चटई बांधायची तिची विणलेली दोरी होती. गाठ जिथे बसायची तिथे दोरी काळी पडली होती. सात किलो उतरूनसुद्धा गाठ जेमतेम बोटभर सरकली होती. आणि ब्लाउजच्या बाह्या मात्र लोंबत होत्या.

पेनिनाने दोरी पाहिली, बाह्या पाहिल्या. "मावशी, तुझं मांस गेलंय. जे बरं होतं तेच आधी गेलं."

"काट्याला कळलं का ते?"

"काट्याला तू आधीपेक्षा बरी दिसतेस."

त्यावर लोसालीने हसली, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. आपल्याच अंगाने आपल्याला दगा दिला, असं तिला वाटलं. दगा अंगाचा नव्हता, पण रागवायला तेवढंच जवळ होतं.

तिकडे मोसेसे ऑकलंडला पोचला. पाहुण्यासारखा सेइनीच्या घरी राहिला. बावीस आकड्याचा माणूस म्हणून सगळे निश्चिंत. दोन महिने तारखा, मग खऱ्या तपासण्या, आणि त्यात निघालं की गृहस्थाला कित्येक वर्षांपासून साखरेचा आजार आहे, तोही इतका की त्याच्या स्वतःच्या किडन्या निम्म्याने कामातून गेल्यात. द्यायच्या कुठल्या, त्यालाच लागणार होत्या. चार महिने पाण्यात गेले. परत आल्यावर तो विमानतळावरच लोसालीनेसमोर खाली मान घालून उभा राहिला.

"मोसेसे, तुला काहीच कळत नव्हतं? तहान लागायची ना रे तुला? पाय जळजळतात म्हणून तूच ओरडायचास."

"लागायची. पण म्हटलं, कावामुळे असेल. आणि माझा आकडा तर चांगला होता ना गं? डॉक्टरनेच सही केली होती."

त्याला तरी काय बोलणार? त्यालाही त्या हिरव्या रंगानेच फसवलं होतं.

नाताळला पिंप आलं. मांसाचे डबे होते, चादरी होत्या, साबण होता. निळा डबा नव्हता. लोसालीनेने चादरी झटकून पाहिल्या, पिंप उपडं करून पाहिलं. मग स्वतःचीच समजूत घातली, आजारी माणूस दुकानात कधी जाणार? नाताळच्या फोनवर फेलेती दोनच वाक्यं बोलला. तिकडे पाऊस आहे का, आणि चर्चमध्ये सगळे बरे आहेत का. दोघं दरवर्षी तेवढंच बोलायची, त्यामुळे त्यात तिला काही खटकलं नाही. त्या रीतीत हीच एक मोठी सोय आहे, भाऊ रागावलेला आहे की आदर राखतोय हे बहिणीला कळायला काही मार्ग नाही.

मार्चमध्ये यंत्राला जोडलेला असतानाच फेलेतीचं हृदय बंद पडलं. त्या दिवशी सकाळी लोसालीने मैदानाची सातवी फेरी मारत होती.

शवपेटी विमानाने आली. थोरली बहीण म्हणून उशाशी बसण्याचा मान लोसालीनेचा. घरात तिच्यापेक्षा वडील अशी आत्या आता कुणी उरली नव्हती. तिच्या कमरेला बारीक विणीची, मऊ, पणजीच्या काळची चटई. सेइनीच्या आणि ओफाच्या अंगावर विधवेच्या आणि लेकीच्या रीतीने फाटक्या, जाडजूड चटया, डोक्यापर्यंत गुंडाळलेल्या. येणारा प्रत्येक जण आधी मृताच्या कपाळाला ओठ लावायचा, मग लोसालीनेसमोर वाकायचा. ऑकलंडहून आलेले फेलेतीचे सोबती मात्र वाकले आणि तिच्या तोंडाकडे न बघता पुढे गेले. दुःख आहे बिचाऱ्यांना, असं तिला वाटलं. सगळ्यात भारी चटया, सगळ्यात मोठं कापड तिच्यापुढे आणून ठेवलं. तिने रीतीप्रमाणे मान हलवून घेतलं. पेटी बंद झाली, पुरली गेली, वर पांढरी वाळू आणि काळे गुळगुळीत खडे रचले गेले.

दुखवट्याच्या रीतीने दहाव्या दिवशी केस कापायचे होते. भाच्यांचे केस आत्या कापते. ओफा एकोणीस वर्षांची, ऑकलंडमध्ये जन्मलेली, कमरेपर्यंत केस. ती येऊन आत्यापुढे गुडघ्यांवर बसली. मागे गावच्या बायका ओळीने बसलेल्या. लोसालीनेने डाव्या हातात केसांचा पेड धरला, उजव्या हातात कात्री घेतली. एवढ्यात खाली मान घातलेली ओफा हळू आवाजात म्हणाली, "आत्या, झालं का हो कापड पुरं?"

"कुठलं कापड?"

"शंभर वर्षांचं. ज्याच्यासाठी तुम्हाला यायला सवड झाली नाही."

लोसालीनेला काही उमगेना. पण मागच्या बायकांपैकी एक भाबडेपणाने बोलून गेली, "अगं पोरी, त्या कापडाला तुझ्या आत्याने हातसुद्धा लावला नाही. वर्षभर ही बया त्या मैदानाला फेऱ्या घालत होती. कापडाचं काय विचारतेस, ठिगळं लावून कसंबसं केलं आम्ही."

ओफाने मान वर केली. रीतीने तिने तसं करायचं नव्हतं. "फेऱ्या? कशासाठी?"

"वजन उतरवायला. तुझ्या बापाला किडनी द्यायला. ते वजनावरून घेईनात ना हिला."

ओफाने सेइनीकडे पाहिलं. सेइनी जिथे होती तिथेच चटईत नाहीशी होईल असं अंग चोरून बसली होती. लोसालीनेने कात्री खाली ठेवली.

"सेइनी. इकडे ये."

सेइनी गुडघ्यांवर सरकत आली.

"पेनिनाने तुला फोन केला होता. तू फेलेतीला काय सांगितलंस?"

"ताई..."

"काय सांगितलंस?"

"मी कसं सांगणार होते हो?" सेइनीचा बांध फुटला. "त्याच्या तोंडावर म्हणू, तुझी बहीण जाड आहे म्हणून नको म्हणतात? तुमच्या अंगाचं नाव त्याच्यापुढे काढू? इस्पितळवाले नुसतं म्हणाले, ताई चालणार नाहीत, कारण आम्ही सांगत नसतो. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, चर्चचं मोठं कापड आहे, सगळा भार त्यांच्यावर आहे, त्यांना निघता येत नाहीये. मला वाटलं, हे कारण मानाचं आहे. पुढे तुमचं वजन उतरलं की म्हणणारच होते, कापड झालं, येताहेत."

"आणि तो काय म्हणाला?"

सेइनीने अंगावरची चटई तोंडावर ओढली.

"तो काय म्हणाला, सेइनी?"

"म्हणाला, नीट होऊ दे म्हणावं कापड." ती डोळे पुसत राहिली. "मग भिंतीकडे तोंड करून झोपला. पुन्हा तुमचं नाव घेतलं नाही त्याने. नाताळच्या पिंपात मी डबा ठेवायला गेले, तर म्हणाला, राहू दे."

म्हणजे वर्षभर तो तिकडे नळ्या लावून पडला होता, आणि त्याच्या मनात आपली बहीण सालं कुटत बसली होती. ज्या कापडावरून ती त्याच्यासाठी उठली, त्याच कापडासाठी तिने त्याला मरू दिलं, हे मनात धरून तो गेला. फॉर्मने नाकारलं ते एक वेळ समजता आलं असतं, त्या फॉर्मला तिने कडेवर घेऊन वाढवलं नव्हतं. पण ही घरची माणसं. मान राखता राखता यांनी तिचा भाऊ तिच्यापासून तोडला.

"माझा मान राखलास," ती सेइनीला म्हणाली. "फार मोठा मान राखलास गं माझा."

मग ती उठली. त्या दहा दिवसांत उशाशी बसलेल्या बहिणीचा शब्द कुणाला मोडता येत नाही. तिने सेइनीचा दंड धरला आणि तिला ओढत दफनभूमीकडे चालायला लागली. ओफा मागे, बायका मागे. भर दुपार होती, वाळू डोळ्यांत चमकत होती.

"सांग त्याला," लोसालीने म्हणाली. "इथे उभी राहून सांग. माझं वजन किती होतं ते."

सेइनीने थडग्याकडे पाहिलं. "फेलेती," ती म्हणाली. "फेलेती, ताईंचं..." आणि तिचं तोंड मिटलं. तिने दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ती वाळूत बसली आणि डोकं दोन्ही हातांत धरलं. मेलेल्या भावासमोरसुद्धा तिच्याने ते बोलवेना.

तेव्हा लोसालीने पुढे झाली. मागच्या बायकांनी काय होणार ते ओळखलं आणि माना फिरवल्या. एकीने कानांवर हात ठेवले.

"फेलेती, माझं वजन एकशे दहा किलो होतं," लोसालीने मोठ्याने म्हणाली. "माझे दंड जाड आहेत. माझी कंबर रुंद आहे. माझी हाडं जड आहेत. म्हणून त्यांनी मला घेतलं नाही. साखर तीनदा बघितली, तीनदा बरी निघाली, तरी घेतलं नाही." बारा वर्षांच्या भावाला झोपडीकडे जाताना पाहिलं त्यानंतर तिने त्याला इतकी वाक्यं सलग कधी सांगितली नव्हती. "मी सात किलो उतरवले रे. कापडाला हात नाही लावला मी. एकदाच लावला, तर फाटलं."

ओफा येऊन तिच्याशेजारी उभी राहिली. तिचे अर्धवट सुटलेले केस वाऱ्यावर उडत होते. तिने आत्याचा हात धरला, आणि लोसालीनेने तो धरू दिला.

"घरी चल," थोड्या वेळाने लोसालीने म्हणाली. "तुझे केस कापायचे राहिलेत."